शेवटच्या घराचा पंखा

गणिताचे सर रजेवर होते म्हणून सातवीचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.च्या काळातही गणिताशी माझे नाते सलाम-दुआपुरतेच होते. तास भरून काढावा म्हणून फळ्यावर एक शब्द लिहिला, मुरब्बा. उर्दूत संख्येच्या वर्गाला मुरब्बा म्हणतात आणि बरणीतल्या आंब्यालाही. लिहिण्यात फरक आहे, कानाला तो कळत नाही. वर्ग हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "आपा, नुक्कड के घर का पंखा जोर से फिरता. हमारा हल्लू हल्लू कायकू फिरता? बिल तो दोनों बी भरतेंच."

हा प्रश्न मला नवा नव्हता. परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या मोहल्ल्यात जा, मे महिन्यात दुपारी दोन वाजता गल्लीच्या तोंडाशी कूलर घुमत असतो आणि गल्लीच्या टोकाला तो नुसता कण्हत असतो. आपण त्याला "व्होल्टेज नाही" म्हणतो आणि गप्प बसतो. त्या दिवशी मात्र उत्तर द्यावे लागणार होते, कारण विचारणारी विद्यार्थिनी होती.

माझा धाकटा भाऊ वायरमन आहे. त्याला घेऊन संध्याकाळी तिच्या गल्लीत गेले. तो म्हणाला, संध्याकाळी नको, खरी परीक्षा दुपारी. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मीटर लावला. डीपीजवळच्या पहिल्या घरात 226 व्होल्ट, शेवटच्या घरात 191. घरगुती विजेचा दाब 230 व्होल्ट असावा आणि त्यात 6 टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू नये, असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे खाली 216 आणि वर 244. शेवटचे घर नियमाच्या फार खाली होते. दोष पंख्याचा नव्हता. तार बारीक, गल्ली लांब, आणि जी तार कधीकाळी बल्ब-पंख्यांसाठी ओढली तिच्यावर आता फ्रीज, कूलर आणि शिलाई मशीनच्या मोटारी.

पुढच्या तासाला मी मुलांना एक हिशेब दिला. तो इथे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण माझे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे.

समजा एका डीपीवरून एक तार निघते आणि तिच्यावर ओळीने नऊ घरे आहेत. प्रत्येक घराला विजेचा एक हिस्सा लागतो. डीपी ते पहिले घर, या तुकड्यातून नऊ हिस्से वाहतात. पुढच्या तुकड्यातून आठ, मग सात, असे करत शेवटच्या तुकड्यातून एक. आता तारेचा स्वभाव असा की प्रवाह दुप्पट झाला तर ती चौपट तापते आणि तिप्पट झाला तर नऊपट. म्हणजे प्रवाहाचा मुरब्बा. तारेत तापून गेलेली वीज कोणाचाच पंखा फिरवत नाही, ती वाया जाते. मुलांनी नऊचा वर्ग, आठचा वर्ग, असे करत एकचा वर्ग मांडला. बेरीज आली 285. हे आपल्या गल्लीचे नुकसान.

आता सहाव्या घराच्या छतावर सहा हिस्से वीज देणारे सौर पॅनेल लावा. डीपीकडून फक्त तीन हिस्से यायचे. पहिल्या तुकड्यात तीन, मग दोन, एक, शून्य. पाचव्या आणि चौथ्या घराला वीज उलट्या बाजूने, सहाव्याकडून मिळू लागते. सातव्या, आठव्या आणि नवव्या घराकडे पूर्वीसारखेच तीन, दोन, एक. पुन्हा वर्ग करा, पुन्हा बेरीज करा. उत्तर 33. कुठे 285 आणि कुठे 33! वर्गात गलका झाला.

मग मी म्हटले, तेच सहा हिश्शांचे पॅनेल पहिल्या घरावर लावा. उत्तर 213. पुन्हा सहाव्या घरावर या, पण लोभ करा, सहाऐवजी बारा हिश्शांचे लावा. जास्तीची वीज उलटी वाहत डीपीकडे जाते आणि जाताना तार तापवते. उत्तर पुन्हा 213. मुलांना वाटले आपण चुकलो. चुकले नव्हते. जागा चुकली किंवा माप चुकले, तर शिक्षा सारखीच. गल्लीच्या पूर्ण गरजेएवढे, नऊ हिश्शांचे पॅनेल अगदी शेवटच्या घरावर लावले तरी उत्तर 204 येते, म्हणजे फायदा अगदी थोडा.

हा खेळ मी शोधून काढलेला नाही. वीज अभियांत्रिकीत याचा एक जुना ठोकताळा आहे. लाइनवर सगळीकडे सारखा भार पसरलेला असेल तर एकूण भाराच्या दोन-तृतीयांश एवढी निर्मिती, लाइनच्या दोन-तृतीयांश अंतरावर बसवा, तारेतले नुकसान नवव्या हिश्शावर येते. खऱ्या लाइनी इतक्या सरळ नसतात. त्यांना फाटे असतात, भार दर तासाला बदलतो, रात्री सूर्य नसतो. म्हणून जगभरचे अभियंते संगणकावर हे गणित सोडवतात. त्यासाठी पक्ष्यांच्या थव्यावरून आणि मुंग्यांच्या रांगेवरून बेतलेल्या पद्धतीसुद्धा वापरतात. पण त्या सगळ्यांचा प्रश्न आमच्या सातवीचाच आहे. कुठे आणि किती?

तास संपताना तीच मुलगी पुन्हा बोलली. तिने मनातल्या मनात गल्लीतली घरे मोजली होती. "आपा, हमारी गल्ली में सहावा घर तो पत्र्याचा है." मला उत्तर सुचले नाही. ज्या छतावर पॅनेल हवे, त्या छताला ते पेलत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या सौरऊर्जेचा सगळा गुंता या एका वाक्यात आहे.

सरकार काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली आणि तिची दुसरी आवृत्ती 2023 मध्ये आली. सबस्टेशनजवळ, सरकारी जमीन असेल तर 10 आणि खासगी असेल तर 5 किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये. 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी या योजनेतल्या 19 मेगावॅटच्या पाच प्रकल्पांचे उद्घाटन केले. ही योजना मला मनापासून आवडते. परभणीच्या थंडीत पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला असताना मध्यरात्री मोटार सुरू करायला शेतात जाणाऱ्या माणसाला दिवसाची वीज म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पायाखाली साप, हातात ओली वायर, आणि घरी कोणी झोपलेले नसते.

तरीही आमच्या हिशेबाने पाहा. सबस्टेशनजवळचा प्रकल्प म्हणजे पहिल्या घरावरचे पॅनेल. त्याने वरच्या लाइनींचे ओझे कमी होते. दूरच्या औष्णिक केंद्रातून येणारी वीज वाचते आणि 2013 मध्ये पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले तसे संकट आले तर आधार मिळतो. पण सबस्टेशनच्या खाली, डीपीच्या खाली, गल्लीच्या टोकाला जी तार तापते ती तशीच तापत राहते.

आम्हा जिंतूर भागातल्या लोकांना हे अनुभवाने ठाऊक आहे. येलदरी धरण आमच्याच तालुक्यात. 1960च्या दशकातले ते काम. त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच, एकूण साडेबावीस मेगावॅट. शाळेची सहल तिथे नेतो, मुले पाण्याचा आवाज ऐकून घाबरतात आणि परत येऊन मेणबत्तीच्या उजेडात गृहपाठ करतात, असे दिवस आम्ही पाहिले आहेत. वीज जवळ तयार झाली म्हणून ती आपल्या गल्लीत पोहोचतेच असे नाही. "जवळ" म्हणजे नेमके कुठे, हे विचारावे लागते.

दुसरी योजना छतावरची. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळे छत लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. हे पॅनेल कुठे लागतात? ज्याच्याकडे पक्के छत, स्वतःच्या नावाचे मीटर आणि हातात उरलेला पैसा आहे त्याच्याकडे. म्हणजे रुंद रस्त्यावरच्या, डीपीला लागून असलेल्या बंगल्यावर. तिथे तार जाड, व्होल्टेज ठीक, पंखा आधीच जोरात. त्या घरमालकाचे बिल कमी होते, याचा मला आनंद आहे. पण गल्लीचे 285 फारसे हलत नाही.

आणि एका डीपीवर किती सौर क्षमता जोडता येते यालाही नियमाची मर्यादा असते. असायलाच हवी. जानेवारीत कूलर बंद, पंखे बंद, ऊन मात्र स्वच्छ. अशा दुपारी पॅनेल जास्त झाले तर लाइनचा दाब 244च्या वर चढतो आणि तो फारच वाढला तर सौर संचाचे इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. पण मर्यादेचा दुसरा अर्थ असा की जो आधी आला त्याने जागा घेतली. पाच-सहा वर्षांनी आमच्या मोहल्ल्यातला माणूस कसेबसे पैसे जमवून अर्ज घेऊन जाईल, तेव्हा त्याला सांगितले जाईल, तुमच्या डीपीवर जागा नाही. पाण्याच्या टँकरसमोर लागलेल्या रांगेसारखे हे आहे. ज्याच्या घरात मोठा हौद त्याने आधी भरून घेतला.

आता आपल्याच माणसांशी थोडे बोलते. हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतोच, "तुमच्या मोहल्ल्यात आकडे टाकतात, तुम्हाला कशाला सोलर?" आकडे टाकले जातात, हे मी नाकारणार नाही. चोरी ती चोरी, गरिबीने ती हलाल होत नाही. पण भारनियमनाच्या काळात फीडरचे ए पासून जी पर्यंत गट केले गेले. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त. त्या गळतीत चोरी होती, तशी तारेत तापून गेलेली वीजही होती. आमच्या हिशेबातले 285 आठवा. त्यात एकही घर चोर नव्हते. नऊच्या नऊ घरे बिल भरणारी होती, तरी नुकसान झाले, कारण तार बारीक आणि लांब होती. बारीक तार आम्ही निवडली नव्हती. तिच्या उष्णतेचा हिशेब मात्र आमच्या खात्यावर लिहिला गेला आणि तिच्यासाठीचा अंधार दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्या मुलांनी भोगला. तारेची गळती आणि चोरीची गळती वेगवेगळी मोजा, ही मागणी आपण तेव्हा करायला हवी होती. आता तरी करू.

मग पॅनेल कुठे लावायचे? सहावे घर पत्र्याचे असले तरी गल्लीच्या मध्याच्या थोडे पुढे कुठे ना कुठे एक पक्के सार्वजनिक छत असते. आमच्याकडे अशी तीन छते आहेत. उर्दू शाळेचे, मशिदीचे आणि शादीखान्याचे.

शाळा पाहा. भर दुपारी वर्ग चालू असतात, पंखे चालू असतात, म्हणजे ऊन आणि गरज एकाच वेळी. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, सूर्याला नसते. नेमके त्याच दिवसांत गल्लीतले कूलर सर्वांत जास्त वीज ओढतात. शाळेच्या छतावरची वीज तेव्हा शेजारच्या घरांत जाईल. मशिदीचे गणित आणखी वेगळे. फजर, मगरिब, इशा या वेळी ऊन नसते. जोहरला थोडा वेळ पंखे लागतात, जुम्याला थोडे जास्त. उरलेला दिवसभर मशिदीच्या छतावर तयार झालेली वीज शेजाऱ्यांकडे वाहत राहील. शेजाऱ्याचा हक्क हा शब्द आपण खुत्ब्यात लहानपणापासून ऐकतो. तो तारेतूनही देता येतो, हे मला या वयात कळले. दुपारी घरात कोण असते हेही लक्षात घ्या. पुरुष कामावर असतात. घरात शिलाई मशीनवर बसलेली बाई असते, तान्हे मूल असते, दम्याची म्हातारी असते. दुपारचे व्होल्टेज हा त्यांचा प्रश्न आहे, म्हणून तो कधी सभेत येत नाही.

पण छत मोठे आहे म्हणून सगळे भरून टाकू नका. विकणारा छताचे माप घेतो आणि अनुदानाची कमाल रक्कम सांगतो. डीपीवर दुपारचा भार किती, हे तो विचारत नाही. आमच्या हिशेबात सहाचे बारा केले आणि 33चे 213 झाले, हे लक्षात ठेवा. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वुजूला पाणी मोजून घ्या, अशी शिकवण असलेल्या लोकांना इसराफ म्हणजे काय हे मी सांगायला नको.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगते, नाहीतर उद्या लोक मला धरतील. पहिली, लाइट गेली की छतावरचे असे साधे सौर संचही बंद होतात. ते मुद्दाम तसे केलेले असते. खांबावर चढलेल्या लाइनमनला तार मेलेली वाटावी आणि आमच्या छतावरून तिच्यात वीज यावी, तर त्याचा जीव जाईल. दुसरी, संध्याकाळी सातला पॅनेल काही देत नाही. त्या वेळेसाठी बॅटरी हवी, किंवा जाड तार हवी, किंवा डीपीच गल्लीच्या मध्यात हवा. शेतीपंपांसाठी राज्यात 2018 पासून उच्चदाब वितरण प्रणाली आणली, एक-दोन शेतकऱ्यांमागे छोटा ट्रान्सफॉर्मर देऊन बारीक तारेची लांबीच कमी केली. तोच विचार दाट मोहल्ल्यांसाठी का होऊ नये? पॅनेल दाखवून जाड तार नाकारणे हा सौदा आपण मान्य करू नये.

छतच नसलेल्या घराचे काय? 2025 मध्ये राज्य सरकारने महिन्याला 100 युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांसाठी "स्मार्ट" ही छतावरच्या सौरऊर्जेची योजना आणली. हेतू चांगला आहे, पण तीही छत मागते. दिल्लीत 2019 पासून नियम आहे की एका ठिकाणी तयार झालेल्या सौर विजेची युनिटे अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून वळती करता येतात. शाळेच्या छतावर पॅनेल आणि पत्र्याच्या घराच्या बिलात सूट, हे त्यातून साधते. आपल्या गल्ल्यांना अशाच वाटणीची गरज आहे.

आपल्या बाजूनेही काम आहे. आमच्या स्वतःच्या घराचे मीटर अजून आजोबांच्या नावावर होते. त्यांना जाऊन एकोणीस वर्षे झाली. वारसांच्या सह्या गोळा करता करता माझे सात महिने गेले, कारण एक चुलते पुण्याला आणि एक फुफी हैदराबादला. वाड्याच्या चार वाटण्या झाल्या, कागदावर एकही नाही. योजना येते तेव्हा आपण कागद शोधायला लागतो. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी दर जुम्याला एक तास बसून दहा घरांची मीटरे वारसांच्या नावावर करून दिली, तर ते मोठे काम होईल.

आमच्या वर्गाने आपल्या परीने सुरुवात केली. सातवीला मराठीत औपचारिक पत्रलेखन असते. दरवर्षी मुले क्रीडासाहित्याची मागणी करणारे तेच ते पत्र लिहितात. यंदा आम्ही खरे पत्र लिहिले. मुद्दे तीन. आमच्या गल्लीच्या डीपीची क्षमता किती, दुपारी भार किती आणि त्यावर आतापर्यंत किती सौर क्षमता जोडली, हे फलकावर लावावे. प्रत्येक डीपीवरची काही क्षमता छोट्या ग्राहकांसाठी राखून ठेवावी. आणि नवे पॅनेल देताना दाब सर्वांत कमी असलेल्या टोकाकडच्या सार्वजनिक छतांना आधी घ्यावे. "महोदय" हा शब्द तिघांनी चुकवला, "विनंती" मधली वेलांटी सगळ्यांनी. पत्राच्या शेवटी 285 आणि 33 हे दोन आकडे लिहावेत असा मुलांचा हट्ट होता. मी म्हटले, साहेबांना कळायचे नाही. मुले म्हणाली, हिशेबही जोडू या. जोडला.

पत्र दिले, त्याला सहा आठवडे झाले. उत्तर आलेले नाही. पोच घेतलेली प्रत वर्गाच्या भिंतीवर चिकटवली आहे. ती मुलगी रोज येता-जाता तिच्याकडे बघते. उन्हाळा पुन्हा येतो आहे आणि तिच्या घरातला पंखा अजून हल्लू हल्लूच फिरतो.